काचेच्या पेटीपर्यंत पोचलेलं दूध

‘कमी दिवसांचं बाळ आहे, काचेच्या पेटीत ठेवलंय.’ हे वाक्य कानावर आलं की आपण वजन विचारतो, श्वासाची मशीन लावलीय का ते विचारतो. ते पितं काय, हे सहसा कुणी विचारत नाही. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ बाळाला साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास जमू लागतो. त्याआधी जन्मलेल्याच्या नाकातून किंवा तोंडातून जठरापर्यंत बारीक नळी घालतात, तिला वर दट्ट्या काढलेली सिरिंज जोडतात आणि एक-दोन मिली दूध आपोआप खाली उतरू देतात. नळीचं काम एवढंच. वाद झाला तो सिरिंजमधलं दूध कुणाचं यावर, आणि आईला त्या खोलीत येऊ द्यायचं की नाही यावर. माझ्या मते हे दोन्ही वाद मुळात एकच आहेत.

पॅरिसमध्ये प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी १८८०च्या दशकात माटर्निते रुग्णालयात ऊबपेट्या आणल्या, नळीने पाजण्याची पद्धतही रुजवली. दूध दाईचं, म्हणजे दुसरीचं बाळ अंगावर पाजणाऱ्या बाईचं असे. त्यांच्यानंतरचे प्येर ब्युदँ यांच्या लक्षात आलं की, आठवडेच्या आठवडे पेटीत राहिलेल्या बाळाकडे आईचा ओढाच उरत नाही. म्हणून आईने जवळ राहावं, अंगावर पाजावं, असा त्यांचा आग्रह होता.

दुसरीचं दूध आपल्यालाही नवं नाही. संभाजीराजांना पाजणारी कापूरहोळची धाराऊ मराठी घरांत आजही नावानिशी माहीत आहे. पण एका दूधआईकडून पोसलं जाणार ते एखाददुसरं बाळ. १९०९ साली व्हिएन्नात पहिली मिल्क बँक, म्हणजे आयांचं दूध गोळा करून गरजू बाळांना देणारी पेढी निघाली, पुढच्याच वर्षी बॉस्टनमध्ये, आणि दूध बाटलीतून कुठेही नेता येऊ लागलं. १९३४ साली कॅनडात डिऑन कुटुंबात एकाच वेळी पाच मुली झाल्या. पाचींचं मिळून वजन सहा किलोच्या आसपास. त्यांच्यासाठी दूरच्या शहरांतून आयांचं दूध येत होतं, आणि पाचही जगल्या.

मग पावडरचा जमाना आला. पावडरीच्या दुधावर वजन भराभर वाढतं आणि तक्त्यावरची रेघ वर चढलेली कुणाला आवडत नाही? जंतुसंसर्गाच्या भीतीने आयांना काचेबाहेर उभं केलं गेलं, आणि बाळाने चोखलंच नाही तर दूध टिकणार कसं? १९८० साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने सांगितलं होतं की, आईचं दूध नसेल तर पहिला पर्याय दुसऱ्या आईच्या दुधाचा असावा. पण त्याच दशकात एचआयव्हीची धास्ती पसरली आणि अमेरिकेत, कॅनडात बहुतेक मिल्क बँका बंद पडल्या. खरं तर ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवलेल्या दुधात तो विषाणू टिकत नाही.

पारडं फिरवलं ते आतड्याच्या एका आजाराने. कमी दिवसांच्या बाळाचं आतडं सुजतं, पोट फुगतं, आतड्याचा भाग मरतो. डॉक्टर त्याला ‘नेक’ म्हणतात. १९९० साली ॲलन लुकास आणि टी. जे. कोल यांनी ब्रिटनमधल्या ९२६ बाळांचा अभ्यास छापला. फक्त पावडरीच्या दुधावर असलेल्यांत हा आजार, फक्त आईच्या किंवा दात्या आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा सहा ते दहा पट जास्त होता. यानंतर नुसत्या वजनाच्या तक्त्यावर वाद जिंकता येईना.

मुंबईत मात्र सायनच्या रुग्णालयाने हा अभ्यास छापून येण्याची वाट पाहिली नव्हती. धारावीला लागून असलेल्या महापालिकेच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस नवजात विभाग सांभाळत होत्या. पाण्यातून, बाटलीतून, वरच्या दुधातून जंतू येत आणि बाळं हातची जात. महागडी यंत्रं येणार नव्हती. त्यांनी वरचं दूध थांबवलं आणि आयांना आत घेतलं. बाळाचं करायचं ते आयांनीच, परिचारिकांच्या नजरेखाली. ज्यांच्या आईला दूध येत नव्हतं किंवा आईच आजारी होती, अशा बाळांचा प्रश्न उरला. त्यासाठी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी सायनला मातृदुग्धपेढी सुरू झाली. भारतातलीच नव्हे, आशियातली पहिली. स्वतःच्या बाळाला पुरून उरलेलं दूध वॉर्डातल्या बायका देतात. दूध देणारीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सिफिलिस यांची तपासणी होते, दूध एकत्र करून तापवतात, त्यात जंतू वाढतात का हे कल्चर करून पाहतात आणि उणे २० अंशांवर ठेवतात. तापवण्यात काही संरक्षक घटक जातातच, त्यामुळे स्वतःच्या आईचा ताजा चीक आधी आणि पेढीचं दूध नंतर, हा क्रम ठरलेला.

तीन वर्षांनी, १९९२ साली बाळांच्या पावडरीच्या जाहिरातीवर बंदी घालणारा कायदा झाला. मिल्क बँका वाढायला वेळ लागला. केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आली ती २०१७ मध्ये. दरम्यान या दुधाला बाजारही फुटला. मे २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाला बजावावं लागलं की, आईचं दूध विकता येणार नाही. दान चालेल, तेही मोबदल्याशिवाय.

बाळ ३४ आठवड्यांच्या पुढे गेलं, नळी निघाली, की मधल्या काही दिवसांत वाटी-चमचा येतो, किंवा आजीच्या कपाटातल्यासारखं चोच असलेलं बोंडलं. दूध त्यातही आईनेच पिळून काढलेलं असतं, पेटीशेजारच्या स्टुलावर बसून.