न कळकलेलं दूध

पितळेच्या भांड्यात ताक ठेवायचं नाही, कळकतं. हे आपल्याकडे कुणाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. चिंचेच्या सारालाही तोच नियम. कल्हई उडालेल्या पातेल्यात आंबट पदार्थ ठेवला की त्यात तांबं उतरतं आणि पहिल्याच घोटाला जीभ तक्रार करते. दूध मात्र गोड. त्याच्यावर संशय कोण घेणार? ते पितळी तपेलीत तापायचं, तिथेच निवायचं आणि वाटी-चमच्याने नाहीतर बोंडल्याने बाळाच्या पोटात जायचं.

लहान मुलांच्या यकृताचा एक आजार 1887 मध्ये कलकत्त्यात नोंदला गेला. मूल बहुधा एक ते तीन वर्षांचं. पोट फुगायचं, यकृत हाताला टणक लागायचं, मग कावीळ, पोटात पाणी. उपचाराविना बहुतेक मुलं काही महिन्यांत दगावत. पुढे त्याला नाव पडलं 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस'; सिऱ्होसिस म्हणजे यकृत निबर होत जाणं. एकाच घरातली दोन-दोन भावंडं जात, म्हणून दोष रक्तातच असावा असं वाटे. पण हा आजार अगदी गरिबाघरी कमी दिसायचा. जिथे वरचं दूध परवडत होतं आणि फडताळात पितळ होतं, त्या घरांत तो जास्त.

या मुलांच्या यकृतात तांबं साठलेलं सापडलं, तेही भयंकर प्रमाणात. निरोगी यकृताच्या एका सुक्या ग्रॅममध्ये साधारण 50 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी तांबं असतं; इथे आकडा अनेकदा 800च्या वर जायचा. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटिश डॉक्टर स्टुअर्ट टॅनर यांच्या साथीने या तांब्याचा माग काढला. प्रश्न अगदी स्वयंपाकघरातले: वरचं दूध कधी सुरू केलं? कशात तापवता? कशात ठेवता? आजारी मुलांच्या घरी दूध लवकर सुरू झालेलं आणि ते पितळेत तापवलेलं, असं चित्र पुन्हापुन्हा दिसलं. 1983 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध आला.

दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला घट्ट धरून ठेवतं. म्हणजे दूध कळकत नसलं तरी तांबं उचलत होतंच. त्यात तान्ह्या बाळाच्या यकृतात जन्मतःच तांब्याचा साठा बराच असतो आणि पित्तावाटे जास्तीचं तांबं बाहेर टाकायची यंत्रणा कच्ची असते. आईच्या दुधात तांबं अगदी थोडं, त्यामुळे त्यावर वाढणाऱ्या बाळाला अडचण येत नाही.

असंच ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्येही घडलं होतं. कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांतलं दूध पाजलेली मुलं तिथे अशाच आजाराने गेली, आणि भांडी बदलल्यावर आजार संपला. आपल्याकडे पितळेची जागा स्टीलने घेतली. कल्हईवाल्याची वाट बघायला लागू नये, एवढाच बहुतेक घरांचा हेतू. 1990च्या दशकापर्यंत हा आजार दुर्मीळ झाला.

हे आज उकरून काढायचं कारण, पितळ आणि तांबं 'नैसर्गिक', 'पारंपरिक' अशा लेबलांखाली पुन्हा बाजारात आलं आहे. मोठ्यांनी तांब्याच्या तांब्यातलं पाणी जरूर प्यावं. बाळाचं दूध मात्र त्यात ठेवू नये, कल्हई असली तरी. ती कधी झिजली हे कुणी मोजत नाही. साधी स्टीलची वाटी, स्टीलचा चमचा यांना मी तरी पर्याय बघत नाही. धुवायलाही सोप्या, कोपरे नाहीत.

प्लास्टिकची कथा थोडक्यात. पॉलिकार्बोनेट या कडक प्लास्टिकच्या दुधाच्या बाटल्यांतून बिस्फेनॉल-ए हे रसायन झिरपतं, म्हणून युरोपीय संघाने त्या 2011 मध्ये बाद केल्या. नंतर पॉलिप्रॉपिलीन हे दुसरं प्लास्टिक आलं. 2020 मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांना असं दिसलं की त्यातूनही प्लास्टिकचे सूक्ष्म कण सुटतात: 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 6 लाख, 95 अंशांच्या पाण्यात साडेपाच कोटी. या कणांनी बाळाला नेमकं काय होतं, याचं उत्तर अजून आलेलं नाही. पण उष्णता टाळणं आपल्या हातात आहे. पावडरचं दूध द्यावंच लागत असेल तर पाणी स्टीलमध्ये उकळा, 70 अंशांच्या खाली जाण्याआधी काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात पावडर कालवा, कोमट होऊ द्या आणि मगच बाटलीत ओता. बाटलीत घातल्यावर पुन्हा मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका.