ज्येष्ठांच्या घरातील अग्निसुरक्षा

ज्येष्ठांच्या घरातील अग्निसुरक्षा : वयोवृद्ध, अपंग किंवा अंथरुणाला खिळलेली व्यक्ती राहते त्या घरात आग लागू नये आणि लागलीच तर बाहेर पडायला वेळ मिळावा, यासाठी करायची व्यवस्था. धडधाकट माणूस धूर दिसताच दार गाठतो. गुडघे धरलेल्या माणसाला पलंगावरून उठून चष्मा, काठी हाताशी घेण्यातच मोलाचा वेळ जातो. म्हणून येथे आग विझवण्याच्या साधनांपेक्षा ती टाळण्याला आणि लवकर कळण्याला महत्त्व अधिक.

सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला की जमिनीलगत साचतो. मुळात त्याला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळतात. वयानुसार घ्राणशक्ती मंदावते, त्यामुळे हा इशारा नेमका ज्येष्ठांपर्यंतच उशिरा पोहोचतो. यासाठी झोपताना शेगडीच्या बटणांबरोबर रेग्युलेटरही बंद करावा. आयएसआय चिन्हाची रबरी नळी ५ वर्षांनी बदलावी. गळती तपासायची ती साबणाच्या फेसाने, काडी ओढून कधीच नाही. वास आल्यास विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये; दारे-खिडक्या उघडून बाहेर यावे आणि गॅसगळतीच्या १९०६ या हेल्पलाइनवर कळवावे. विसरभोळेपणा वाढला असेल तर इंडक्शन शेगडी बरी, मात्र पेसमेकर असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. कढईतले तेल पेटले तर गॅस बंद करून वर झाकण ठेवावे. पाणी ओतल्यास त्याची क्षणात वाफ होते आणि जळते तेल अंगावर उडते.

विजेच्या बाबतीत एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) बसवला की काळजी मिटली, हा समज अपुरा आहे. सैल झालेल्या सॉकेटमध्ये उष्णता साचत राहते, पण प्रवाह वाढत नसल्याने एमसीबी पडत नाही. तपकिरी पडलेला किंवा हाताला गरम लागणारा सॉकेट लगेच बदलून घ्यावा. ६ अँपियरची एक्स्टेन्शन साधारण १,४०० वॅटपर्यंतच भार झेलते. २,००० वॅटचा रूम हीटर तिच्यावर चालवू नये. बादलीत सोडायचा हीटर रॉड तर अशा घरातून काढूनच टाकावा : पाणी तापत ठेवल्याचे विसरले की पाणी आटते, रॉड उघडा पडतो आणि प्लॅस्टिकची बादली वितळते.

समई-निरांजन पडद्यापासून दूर, परातीत ठेवावे. नवरात्रातल्या अखंड दिव्याला काचेची चिमणी लावावी. तुपाच्या वासाने उंदीर पेटती वातही ओढून नेतात. मच्छर अगरबत्ती पलंगाखाली नको, कारण कापसाची गादी ज्वाळा न दिसता तासन् तास धुमसते. शेगडीपाशी सुती, अंगाबरोबरचे कपडे घालावेत आणि पदर खोचावा. नायलॉन वितळून कातडीला चिकटते.

घरात ऑक्सिजन यंत्र असेल तर नियम अधिक कडक. ऑक्सिजन उशी-पांघरुणात मुरतो आणि यंत्र बंद केल्यावरही काही वेळ टिकतो. तेव्हा लहानशी ठिणगीही भडका उडवते. बिडी, दिवा, शेगडी किमान ३ मीटर दूर हवी. नाकाला पेट्रोलियम जेली लावू नये.

धुराचा अलार्म छताला, झोपण्याच्या खोलीजवळ लावावा आणि महिन्यातून एकदा बटण दाबून तपासावा. नेहमीच्या अलार्मचा आवाज चिरका, उंच पट्टीचा असतो आणि वयोमानाने आधी तीच पट्टी ऐकू येईनाशी होते. अशांसाठी ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीतला किंवा उशीखाली थरथरणारा अलार्म निवडावा.

चोरांच्या भीतीने बसवलेल्या बंद ग्रिल आगीत पिंजरा ठरतात. ग्रिलला उघडणारा भाग हवा. दाराला आतून कुलूप लावत असल्यास किल्ली तिथेच खिळ्याला अडकवावी, उशाखाली ठेवू नये; एक किल्ली शेजाऱ्यांकडे द्यावी. चालता न येणाऱ्याला चादरीवर घेऊन जमिनीवरून ओढत नेता येते. तेही शक्य नसेल तर खोलीचे दार लावून फटीत ओला टॉवेल कोंबावा आणि १०१ किंवा ११२ वर फोन करून मजला, खोली आणि रुग्ण अंथरुणावर असल्याचे सांगावे.