माळ्यावरचा मे महिना आणि बर्फातला बूट

स्की टूरिंगचा बूट बर्फावर आणि खडकावर झिजतो, हे सगळ्यांना दिसतं. पण नांदेडच्या किंवा लातूरच्या एखाद्या मुलीचा बूट वर्षातले फार तर पंधरा-वीस दिवस गुलमर्गला नाहीतर औलीला असतो. बाकीचे अकरा महिने तो घरात पडून राहतो. सचखंड एक्स्प्रेसनं परत आलेली सॅक रिकामी होते, बूट पिशवीत जातो आणि पिशवी माळ्यावर जाते. मे महिन्यात बाहेर पारा ४२-४३ अंशांवर असतो आणि पत्र्याखालची हवा त्याहून तापलेली असते. पुढे पाऊस लागला की तीच हवा दमट होते. आपल्याकडच्या बुटाचं आयुष्य बरंचसं या अकरा महिन्यांत ठरतं. आल्प्समध्ये राहणाऱ्यांच्या अनुभवातून आलेला सल्ला म्हणूनच आपल्याला अर्धामुर्धाच लागू पडतो.

आधी या बुटाकडून काय काम घेतलं जातं ते पाहू. स्की टूरिंगमध्ये वर न्यायला तारेवरचा पाळणा, म्हणजे स्की लिफ्ट, नसतो. डोंगर स्वतःच चढायचा आणि मग स्कीवरून उतरायचा असतो. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवतात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे, आता अंगोरा बकरीच्या केसांची किंवा नायलॉनची असते. केस एकाच दिशेला झुकलेले असल्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. चढताना टाच मोकळी असते आणि बुटाचा घोट्यावरचा भाग, ज्याला कफ म्हणतात, पुढे-मागे सहज झुलावा लागतो. चांगल्या बुटांत ही झूल ६० अंशांच्या आसपास असते. माथ्यावर पोचलं की पट्टी काढायची, बुटाची मागची कडी अडकवून कफ ताठ करायचा, टाच पक्की करायची. आता त्याच बुटानं नडगीचा प्रत्येक दाब थेट स्कीच्या धारेपर्यंत पोचवायचा असतो. चढताना मऊ आणि उतरताना ताठ, अशी ही दुहेरी मागणी आहे.

वजनाची मागणी वेगळीच. पायात घातलेल्या वजनाला पाठीवरच्या वजनापेक्षा साधारण चार ते सहा पट ऊर्जा लागते, असं चालण्यावरच्या जुन्या प्रयोगांतून दिसलं आहे. पाळण्यानं वर जाणाऱ्यांचा स्की बूट एका पायाला दोन किलोच्या आसपास भरतो, टूरिंगचा एक ते दीड किलो आणि शर्यतीचा किलोच्या बराच आत. १९८० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांनी बुटाच्या चवड्याला दोन बाजूंनी टाचणीसारख्या खिळांत धरणारी हलकी बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला जोडणारी पकड, तयार केली. आज टूरिंगमध्ये जवळपास सगळीकडे तिचेच वंशज दिसतात. या रचनेमुळे खिळा बसण्यासाठी बुटाच्या प्लास्टिकमध्येच पोलादी खोबणी ओतावी लागते. ही खोबणी आणि तिच्याभोवतीचं प्लास्टिक ही बुटातली सर्वात नाजूक जागा आहे. उतारावर माणसाचा सगळा भार त्या दोन खिळांतून आणि टाचेकडच्या दोन दांड्यांतून जातो.

आता प्लास्टिक. मला या विषयातला सर्वात रसाळ भाग हाच वाटतो, आणि वाळूज किंवा चिकलठाण्याच्या मोल्डिंग कारखान्यात काम केलेल्या माणसाला तो चटकन कळेल. पाळण्याच्या बुटांना बहुधा पॉलियुरेथेन वापरतात. त्याची घनता घनसेंटिमीटरला साधारण १.२ ग्रॅम असते. टूरिंगच्या बुटांत त्याऐवजी ग्रिलामिड, म्हणजे नायलॉन-१२, किंवा पेबॅक्स वापरतात. या दोघांची घनता एकच्या किंचित वर असते. त्यातही ते ताठ असल्यामुळे भिंत पातळ ठेवता येते, म्हणून वजनात दुहेरी बचत होते. पेबॅक्सच्या रेणूत नायलॉनचे कडक तुकडे आणि पॉलिइथरचे लवचीक तुकडे आलटून पालटून गुंफलेले असतात. लवचीक तुकडे शून्याखाली साठएक अंशांपर्यंत काचेसारखे कडक होत नाहीत, त्यामुळे हा बूट कडाक्याच्या थंडीत पॉलियुरेथेनइतका ताठरत नाही.

पेबॅक्सचा एक प्रकार एरंडेलापासून बनतो. परभणी-हिंगोलीकडे कापसाच्या किंवा तुरीच्या बांधावर एरंडाची झाडं कुणी मुद्दाम मोजतही नाही, पण एरंडीच्या तेलात ८५ ते ९० टक्के रिसिनोलिक आम्ल असतं आणि इतक्या शुद्ध प्रमाणात ते दुसऱ्या कुठल्याही नेहमीच्या तेलात मिळत नाही. या आम्लावर मिथेनॉलची प्रक्रिया करून ते तापवून तोडलं की अकरा कार्बनांची साखळी हाती लागते, आणि तिच्यापासून नायलॉन-११ चा मूळ घटक तयार होतो. फ्रान्समध्ये हे तंत्र १९४० च्या दशकात विकसित झालं. एरंडीच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे. त्यात मोठा वाटा गुजरातचा. इटलीत तयार होणाऱ्या काही टूरिंग बुटांची कवचं, म्हणजे बाहेरचे कडक भाग, याच वनस्पतीजन्य पेबॅक्सची असतात. स्की माउंटेनियरिंग, म्हणजे स्की टूरिंगचाच शर्यतीचा प्रकार, २०२६ च्या मिलान-कोर्टिना हिवाळी ऑलिंपिकमध्ये आलं, तेव्हा या खेळातल्या साहित्यामागचं रसायनशास्त्रही चर्चेत यायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

मोल्डिंगच्या मशीनवरचा ऑपरेटर नायलॉनचा किंवा पॉलियुरेथेनचा दाणा तासन्‌तास सुकवल्याशिवाय हॉपरमध्ये, म्हणजे मशीनच्या नरसाळ्यात, टाकत नाही. ओला दाणा गेला तर वस्तूवर चंदेरी रेघा उमटतात आणि ती कमकुवत होते, कारण वितळलेल्या प्लास्टिकमध्ये पाणी रेणूच्या साखळ्या तोडतं. याला जलविघटन म्हणतात. मशीनमध्ये हे काही मिनिटांत घडतं, माळ्यावर वर्षानुवर्षं लागतात, पण मूळ क्रिया तीच. एस्टर पद्धतीच्या पॉलियुरेथेनमध्ये ती सर्वाधिक घडते. हवेतलं पाणी एस्टरचा बंध तोडतं, तुटताना आम्ल तयार होतं आणि तेच आम्ल पुढचा बंध तोडायला मदत करतं. म्हणून सुरुवातीला काहीच दिसत नाही आणि शेवटी सगळं एकदम ढासळतं. ट्रेकिंगच्या बुटाचा तळ न वापरताच भुगा होऊन हातात येतो, त्याचं कारण हेच. टूरिंगच्या बुटात नायलॉन आणि पेबॅक्सची कवचं यात बरीच टिकून राहतात. पॉलियुरेथेनचे भाग आणि रबरी तळ चिकटवणारा गोंद मात्र धोक्यात असतात. पेबॅक्सचा शत्रू पाण्यापेक्षा ऊन आहे. अतिनील किरणं त्यातल्या पॉलिइथरला खातात.

तापमानाचा हिशोब असा की बऱ्याच रासायनिक क्रिया दर दहा अंशांमागे साधारण दुप्पट वेगानं होतात. हा ढोबळ नियम आहे, पण दिशा दाखवायला पुरेसा. तिकडच्या १५ अंशांच्या तळघरातला बूट आणि आपल्याकडच्या ३५ अंशांच्या माळ्यावरचा बूट यांच्या वयात त्यामुळे चौपट फरक पडू शकतो. घरातली सर्वात थंड जागा बुटाला द्यावी, ती बहुधा खालच्या मजल्यावरची आतली खोली असते. लायनर, म्हणजे आतला मऊ बूट, बाहेर काढून पूर्ण सुकवावा. गच्चीवरच्या उन्हात ठेवू नये, पंख्याखाली ठेवावा. पाऊसकाळात सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात. बकलं सैल पण लावलेली असावीत, म्हणजे कवचाचा आकार टिकतो. वर दुसरी पेटी ठेवू नये. उष्णतेत दबलेला फोम गार झाल्यावर पूर्ण फुगून येत नाही.

टिकाऊपणाचा दुसरा अर्धा भाग पायात आहे. बूट पायाला नीट बसलेला नसेल तर तो टिकतही नाही. दुकानात हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारले जातात आणि तिथंच घोळ होतो. सैल बुटात टाच उचलली जाते. ती प्रत्येक पावलाला लायनरच्या मागच्या भागावर घासते आणि तिथं भोक पडतं. सैलपणा जाणवला की माणूस बकल आवळतो. मग पातळ कवच लंबगोल होतं, बकलाची तार वाकते, कफ धरणाऱ्या रिव्हेटच्या भोकावर तिरका ताण येतो आणि भोक मोठं होतं. कफ डुगडुगायला लागला की माणूस आणखी आवळतो. वर रक्तपुरवठा दबतो तो वेगळाच, आणि थंडीत हिमदंशाची सुरुवात तिथून होते.

फोडही सैलपणातूनच येतात. त्वचेचा वरचा थर मोज्याला चिकटून जागेवर राहतो आणि आतलं हाड पुढे-मागे सरकतं. या ताणानं त्वचेच्या वरच्या आवरणातच थर सुटतो आणि मोकळ्या जागेत पाणी भरतं. घामानं त्वचा ओली असेल तर घर्षण वाढतं. म्हणून लोकरीचा एकच पातळ मोजा बरा. दोन जाड मोजे घालून सैल बूट भरून काढणं हा उपाय नाही.

माप घरी घेता येतं. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, शहाबादी फरशीवर कागद ठेवून टाच भिंतीला लावावी, सगळा भार त्या पायावर द्यावा आणि सर्वात लांब बोटापुढे खूण करावी. दोन्ही पाय मोजावेत. भिंतीपासून खुणेपर्यंत साडेसव्वीस सेंटिमीटर भरले तर मोंडोपॉइंट पद्धतीत तुमचं माप २६.५. सात नंबर, आठ नंबर हे आकडे इथं सोडून द्यायचे. बहुतेक कंपन्या पूर्ण आणि अर्ध्या मापाला कवच एकच वापरतात, फरक आतल्या लायनरचा किंवा तळपट्टीचा असतो. खरी परीक्षा कवचाची. लायनर काढून पाय रिकाम्या कवचात घालावा, बोटं पुढे टेकवावीत आणि टाचेमागची जागा पाहावी. एक ते दीड सेंटिमीटर म्हणजे घट्ट आणि नेमका, दोनपर्यंत आरामाचा. त्याहून जास्त असेल तर कवच मोठं आहे. नव्या बुटात सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली तर घाबरू नये. गुडघे वाकवले की टाच मागे सरकते आणि बोटं सुटतात.

रुंदीचा प्रश्न आपल्याकडे जास्त येतो. दक्षिण भारतात अनवाणी चालणाऱ्या लोकांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांचे पंजे बूट वापरणाऱ्यांपेक्षा रुंद असल्याचं आणि पायाखालचा दाब अधिक समान वाटला जात असल्याचं आढळलं. लहानपणी वावरात अनवाणी आणि पुढे चपलेवर वाढलेल्या पायाची बोटं मोकळी पसरलेली असतात. असा पाय पंजाशी ९८ किंवा १०० मिलिमीटर रुंद असलेल्या बुटात चेपला जातो, आणि दुकानदार एक माप मोठं देतो. रुंदी मिळते, पण लांबी आणि टाचही मोठी होते, आणि वर सांगितलेली सगळी साखळी सुरू होते. लांबी बरोबर असलेला, रुंद साच्याचा बूट शोधावा. तो नसेल तर कवच नेमक्या जागी तापवून फुगवून घ्यावं. इथं प्लास्टिकची जात पुन्हा महत्त्वाची ठरते. पॉलियुरेथेन सहज फुगतं आणि तसंच राहतं. पेबॅक्स परत मूळ आकाराकडे ओढ घेतं. ग्रिलामिडला तापमानाची फार अरुंद पट्टी मानवते. जास्त तापलं तर ते वितळून विद्रूप होतं. कार्बनचं कवच फुगतच नाही. फुगवलेल्या जागी भिंत पातळ होते, म्हणून हे काम सवयीच्या हातानंच व्हावं.

लायनर बहुधा ईव्हीए फोमचे असतात. शंभर अंशांच्या वर तापवून, पायात घालून, बकल हलकं लावून दहाएक मिनिटं उभं राहिलं की तो पायाचा आकार घेतो. वापरानं त्यातले हवेचे कप्पे चिरडत जातात आणि लायनर जुन्या गादीतल्या कापसासारखा बसतो. कवच अजून धडधाकट असताना लायनर गेलेला असतो, हे फार वेळा घडतं. नवा लायनर टाकला तर त्याच बुटाला पुन्हा काही वर्षं मिळतात. भाड्याच्या बुटात हाच भाग आधी तपासावा.

जुना किंवा गोदामात पडलेला बूट घेताना लायनर काढून कवचाच्या आत किंवा तळाशी पाहावं. बऱ्याच कवचांवर साच्यातून उमटलेला छोटा गोल असतो. मधल्या आकड्यावरून वर्ष आणि बाणावरून महिना कळतो. वाळूजमध्ये रोज असे गोल हाताळणारी मंडळी आहेत, त्यांना एका नजरेत कळेल. कोरा करकरीत दिसणारा पॉलियुरेथेनचा बूट सात-आठ वर्षांचा निघाला तर तो सोडून द्यावा. मग कफ हातानं हलवून रिव्हेटचा खेळ पाहावा, तळाचं रबर कडेनं नखानं उचलतं का ते पाहावं, आणि पोलादी खोबणीभोवती उजेडात बोट फिरवावं. रिव्हेट, बकल, तार, लायनर, सगळं बदलता येतं. लायनरची फाटलेली कड आपल्या औरंगपुऱ्यातला चांगला चांभारही शिवून देईल. खोबणीभोवती केसाएवढी भेग असेल तर मात्र ती भरता येत नाही, कारण नायलॉनला आणि पेबॅक्सला गोंद धड धरत नाही. अशी जोडी कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.