पासी उतरला, पण डीएलक्यूआय?

सोरायसिस म्हणजे कातडीवर लाल, पापुद्रे सुटणारे चट्टे आणणारा आजार. त्यावर बायोलॉजिक (प्रतिकारशक्तीच्या ठरावीक भागावर काम करणारी) इंजेक्शनं घेणाऱ्यांच्या फायलीत पासी (सोरायसिस एरिया अँड सिव्हिरिटी इंडेक्स) आणि डीएलक्यूआय (डर्मॅटॉलॉजी लाइफ क्वालिटी इंडेक्स) हे दोन आकडे असतात. "पासी ९० आला, म्हणजे आयुष्य ९० टक्के पूर्ववत झालं" हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. पासी कातडीचं मोजमाप आहे. जगण्याचं मोजमाप डीएलक्यूआय.

पासी बहुतेकांना ठाऊक असतो. चट्ट्यांची लाली, जाडी, पापुद्रे आणि त्यांनी व्यापलेलं क्षेत्र बघून डॉक्टर ० ते ७२ मध्ये गुण देतात. पासी ९० म्हणजे सुरुवातीच्या गुणांत ९० टक्के घट. डीएलक्यूआय कार्डिफमध्ये फिनले आणि खान यांनी १९९४ साली मांडला. त्यात गेल्या आठवड्याबद्दलचे दहा प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, आणि ते भरायचे पेशंटनेच. ० किंवा १ म्हणजे जगण्याला झळ नाही, १० च्या वर म्हणजे फार मोठी झळ.

खरी गफलत होते ती चट्टा अंगावर कुठे आहे, यावरून. समजा, सुरुवातीचा पासी २० होता. इंजेक्शनांनी पाठ, पोट, पाय स्वच्छ झाले. बोटं सोडून फक्त दोन्ही तळहात उरले, भेगाळलेले. लाली ३, जाडी ३, पापुद्रे ३, बेरीज ९. हातांच्या एकूण कातडीपैकी १० टक्क्यांहून कमी भाग व्यापलेला, म्हणून क्षेत्राचा गुण १. पासीत हातांचा वाटा २० टक्के, म्हणून ०.२ × ९ × १ = १.८. वीसवरून १.८, म्हणजे ९१ टक्के घट! कागदावर उत्तम निकाल.

आता त्याच माणसाचा डीएलक्यूआय: आग आणि दुखणं ३, संकोच २, घरकाम ३ (कणीक मळता येत नाही, भांडी घासता येत नाहीत), लोकांत मिसळणं २, नोकरीतली अडचण २. झाले १२. नखं तर पासीत धरतच नाहीत, सुजलेले सांधेही नाहीत. जननेंद्रियावरचा चट्टा आकाराने एवढासा, म्हणून पासीत जेमतेम दिसतो, आणि संसारात मात्र रोज आडवा येतो.

युरोपातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी २०११ साली एकमताने ठरवलेल्या उपचारांच्या निकषांतही पासी ७५ टक्के किंवा जास्त उतरला की उपचार तसाच चालू ठेवायचा. डीएलक्यूआय ५ च्या वर आहे का, हे बघायचं फक्त ५० ते ७५ टक्के घट असेल तेव्हा. आमचा ९१ टक्केवाला तिथे सुटून जातो. त्यामुळे घट कितीही असो, दर भेटीत दोन्ही आकडे एकाच ओळीत लिहावेत, असं आमचं ठाम मत आहे. डीएलक्यूआयमध्ये निदान ४ गुणांचा फरक पडला, तरच पेशंटला काही जाणवलं असं धरतात.

फॉर्म भरताना एक चूक हमखास होते. तिसऱ्या प्रश्नापासून पुढे "लागू नाही" हा पर्याय असतो आणि त्याला गुण शून्य. चट्ट्यांमुळेच पोहणं सोडलेला माणूस खेळाच्या प्रश्नावर "लागू नाही"वर खूण करतो आणि त्याचा त्रास बेरजेतून गायब होतो. सोडण्याचं कारण कातडी असेल, तर "खूपच" वर खूण करा. शरीरसंबंधांच्या प्रश्नाचंही तसंच. म्हणून फॉर्म नवऱ्याने किंवा सुनेने शेजारी बसून भरू नये. पेशंटला तो एकट्याने, डॉक्टरांच्या खोलीत जाण्याआधी भरू द्यावा.