लेक्सिओ दिविना (प्रार्थनापूर्वक शास्त्रवाचन)

बायबलमधला लहानसा उतारा सावकाश, पुटपुटत वाचायचा आणि त्या वाचनातून प्रार्थनेत, प्रार्थनेतून निःशब्द शांततेत जायचे, अशी ख्रिस्ती मठपरंपरेतील साधना. लॅटिन नावाचा अर्थ ‘दैवी वाचन’. वाचन, मनन, प्रार्थना व ध्यान या तिच्या चार पायऱ्या. चौथ्या पायरीला ‘चिंतन’ही म्हणता येईल, पण मराठीत चिंतन म्हटले की विचार करणे आले आणि इथे विचार थांबलेला असतो, म्हणून या नोंदीत ‘ध्यान’ हा शब्द घेतला आहे. देवाविषयी माहिती असणे वेगळे आणि देवाची ओळख असणे वेगळे, हा ख्रिस्ती परंपरेतील जुना भेद या पद्धतीत प्रत्यक्ष कृतीतून दिसतो.

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात इटलीत लिहिलेल्या मठनियमाच्या ४८व्या प्रकरणात श्रम आणि वाचन यांच्या वेळा आखून दिल्या आहेत. उन्हाळ्यात सूर्योदयापासून मोजलेल्या चौथ्या तासापासून सहाव्या तासाच्या सुमारापर्यंत, म्हणजे मध्यान्हापूर्वीचा वेळ वाचनाचा. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात प्रत्येकाला एकेक ग्रंथ मिळे आणि तो पहिल्या पानापासून सलग वाचावा लागे. त्या वेळी एकदोन ज्येष्ठ मठवासी फेरी मारत आणि कोणी कंटाळून गप्पा छाटत बसला आहे का ते पाहत. मन लागत नाही ही तक्रार मोबाइल येण्याच्या फार आधीची आहे.

हे वाचन मुख्यतः ओठांनी आणि कानांनी होई. बायबलमधल्या पहिल्या स्तोत्रात नियमशास्त्राचे ‘रात्रंदिवस मनन’ करणाऱ्याला धन्य म्हटले आहे. तिथल्या ‘हागा’ या हिब्रू क्रियापदाचा मूळ अर्थ पुटपुटणे, गुरगुरणे. यशया या बायबलमधल्याच पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी तेच क्रियापद आले आहे. लॅटिन मठवासी याला ‘रुमिनातिओ’ म्हणत. मराठीत त्याला नेमका शब्द आहे: रवंथ.

चार पायऱ्यांची मांडणी बाराव्या शतकातील ग्विगो दुसरा यांची. फ्रान्समधील ग्रेनोबलजवळच्या ग्रांद शार्त्रूझ या कार्थुसियन (एकांतात राहणाऱ्या मठवासी संघाच्या) मठाचे ते प्रमुख होते. जर्वास नावाच्या बंधूला पत्ररूपाने लिहिलेल्या ‘स्काला क्लाउस्त्रालियुम’ (मठवासीयांची शिडी) या छोट्या ग्रंथात ते म्हणतात की वाचन घास तोंडात घालते, मनन तो चावते, प्रार्थना त्याचा रस काढते आणि ध्यान म्हणजे ती गोडीच. उदाहरणाला त्यांनी मत्तयच्या शुभवर्तमानातील (येशूच्या चरित्रग्रंथातील) एकच वचन घेतले आहे: ‘जे अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य, कारण ते देवाला पाहतील’ (५:८). वाचणारा प्रथम थबकतो तो एका शब्दावर. इथे शरीर म्हटलेले नाही, अंतःकरण म्हटले आहे. नुसते हात स्वच्छ असून भागत नाही. मग त्याला ‘माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर’ ही स्तोत्रकर्त्याची विनवणी आठवते. देवाला पाहणे म्हणजे काय असेल, याकडे मन वळते, ओढ वाढते, आणि ते पाहणे आपल्या आवाक्यातले नाही हेही कळते. इथवर बुद्धीचे काम. ग्विगो स्पष्ट सांगतात की वाचन आणि मनन सज्जनालाही जमते आणि दुर्जनालाही. पुढची गोडी वरून मिळते, म्हणून मागावी लागते. ही मागणी म्हणजेच तिसरी पायरी. खालची पायरी गाळली तरी चालत नाही: मननावाचून वाचन कोरडे, वाचनावाचून मनन भरकटलेले, मननावाचून प्रार्थना कोमट.

आज घरी ही साधना करायची तर अर्धा तास पुरतो. उतारा पाच ते दहा वचनांचा घ्यावा. आदल्या रात्रीच निवडून ठेवावा, नाहीतर पहिली दहा मिनिटे पाने उलटण्यात जातात. येत्या रविवारी चर्चमध्ये वाचायचा शुभवर्तमानातला उतारा घेतला तर आवडनिवडीचा प्रश्नच मिटतो. दोन मिनिटे स्वस्थ बसून उतारा मोठ्याने दोनदा वाचावा. दुसऱ्यांदा वाचताना जो शब्द अडेल तिथे थांबावे. दहाएक मिनिटे तोच शब्द घोळवावा. त्यातून जे उमटेल, मग तो राग असो की शंका, ते देवाशी सरळ बोलावे. शेवटची पाच-सात मिनिटे काही करू नये. मन भटकले तर त्याच शब्दावर परत यावे. गटात करताना उतारा तीन-चारदा वाचतात, प्रत्येक वाचनानंतर दोन-तीन मिनिटे शांतता पाळतात आणि ज्याला जो शब्द भिडला तेवढाच तो सांगतो. दुसऱ्याच्या बोलण्यावर टिप्पणी नाही. हा नियम मोडला की पाचव्या मिनिटाला वाद सुरू होतो.

बिघडते ते बहुधा दोन टोकांना. एक टोक अभ्यासूंचे. पाळक किंवा धर्मगुरू वाचायला बसले की मनात रविवारच्या प्रवचनाचे मुद्दे तयार होऊ लागतात. भाष्यग्रंथ उघडला की संध्याकाळ त्यातच जाते. उपाय सोपा: संदर्भ आधी पाहून घ्यावा आणि मग पुस्तक मिटावे. दुसरे टोक भावनेच्या मागे लागणाऱ्यांचे. डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट पडेल ते ‘आजचे माझे वचन’ मानायचे, हा कौल लावण्याचा प्रकार झाला. ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे’ (फिलिप्पै ४:१३) हे वचन परीक्षेच्या आदल्या रात्री हमखास आठवते. प्रेषित पौल ते बंदिवासातून लिहितो, आणि त्याआधीच्याच ओळीत तृप्त असणे व भुकेले असणे दोन्ही शिकलो असे सांगतो. यशाची हमी त्यात नाही. एवढे कळायला बुद्धीच लागते. आणि गोडी लागली नाही म्हणजे साधना फसली, असेही नाही. कोरडे दिवस परंपरेने गृहीतच धरले आहेत.

विद्यापीठे उदयाला आली तशी ‘लेक्सिओ’ (वाचन) या शब्दाला दोन वाटा फुटल्या. मठात तो प्रार्थनेकडे नेई, वर्गात प्रश्न आणि वादाकडे. तेराव्या शतकातील धर्मज्ञ थॉमस अक्वायनस दोन्हींकडचे होते. शुचितेविषयी नीतिशास्त्र शिकलेला माणूस तर्काने योग्य निर्णय देतो आणि जो स्वतः शुचितेने राहतो तो अंगवळणी पडलेल्या ओढीने, असे ते म्हणतात. देवाविषयीचे प्रज्ञान त्यांनी या दुसऱ्या प्रकारात घातले. प्रोटेस्टंट सुधारणेचे प्रणेते मार्टिन ल्यूथर यांनी १५३९ साली धर्मज्ञ घडवणाऱ्या तीन गोष्टी सांगितल्या: प्रार्थना, मनन आणि कसोटी, म्हणजे संकट. मठाच्या शिडीवर जिथे ध्यान आहे तिथे ल्यूथर यांनी संकट ठेवले. कॅथलिक चर्चमध्ये सामान्य भाविकांपर्यंत ही पद्धत पोहोचायला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जोर दिला. १९६५च्या ‘देई व्हेर्बुम’ या दस्तऐवजात शास्त्रवाचनाला प्रार्थनेची जोड हवी असे म्हटले आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१०मध्ये चार पायऱ्यांपुढे ‘कृती’ जोडली.

मराठी वाचकाला इथे वेदान्तातला श्रवण, मनन, निदिध्यासन हा क्रम आठवणारच. साम्य खरे आहे, पण लेक्सिओ दिविनेत मनन आणि ध्यान यांच्यामध्ये मागणे येते. समोर कोणी ऐकणारा आहे असे धरूनच ती चालते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३चा. सुमारे आठ वर्षांनंतर त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नव्हता. त्यांनी ही साधना केली असे नाही, पण ती ज्या अंतराबद्दल बोलते ते त्यांनी नेमके ओळखले होते. पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. ते १९२४मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

मराठीतून वाचणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. या परंपरेचे आवडते वचन स्तोत्र ३४:८. प्रचलित मराठी बायबलमध्ये ते ‘परमेश्वर किती चांगला आहे ह्याचा अनुभव घेऊन पाहा’ असे येते. मूळ हिब्रूत शब्द आहे ‘चाखा’.