हौशी रेडिओ : ॲल्युमिनियमचे आकाशक मनोरे (नाशिक परिसर)

हौशी रेडिओ केंद्राचा, म्हणजे छंद म्हणून रेडिओवरून संदेशांची देवाणघेवाण करणाऱ्याच्या केंद्राचा आकाशक, म्हणजेच अँटेना, जमिनीपासून अथवा गच्चीपासून आवश्यक त्या उंचीवर तोलून धरण्यासाठी उभारलेली ॲल्युमिनियम मिश्रधातूची जाळीदार किंवा नळीवजा रचना. हौशी मंडळी तिला सरसकट ‘टॉवर’ म्हणतात. ताणतारांच्या आधाराने उभ्या असलेल्या सडपातळ रचनेला मात्र ‘मास्ट’ म्हणण्याकडे कल असतो. भारतात जस्तलेपित पोलादी नळीचा, बोलीत जी.आय. पाइपचा, खांबच अधिक आढळतो.

संज्ञा : ‘अँटेना’ या शब्दाच्या रेडिओतील अर्थाविषयी मतभेद आहेत. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ गलबताच्या शिडाची आडवी काठी, कोकणी खलाशांच्या भाषेत परबाण, असा होता. पंधराव्या शतकात ॲरिस्टॉटलच्या प्राणिविषयक ग्रंथाचे लॅटिन भाषांतर करताना थिओडोरस गाझा याने कीटकांच्या स्पर्शिकांना हा शब्द लावला असे मानले जाते, आणि रेडिओचा आकाशकही अशाच स्पर्शिकांवरून ओळखला गेला असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार १८९५ च्या सुमारास गुल्येल्मो मार्कोनी याने तार खांबाला टांगून प्रयोग केले. तंबूच्या मधल्या खांबाला इटालियनमध्ये ‘अँटेना’ म्हणतात, म्हणून खांबासकट त्या तारेलाच हे नाव पडले. प्रयोगांचा क्रम व प्रयोगकर्त्याची मातृभाषा पाहता हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. तसे असेल तर या नावात आधी खांब होता आणि आकाशक मागाहून आला. मराठीतील ‘मनोरा’ अरबीतून आला आहे. अर्थाच्या दृष्टीने ‘डोलकाठी’ हा शब्द अधिक चपखल ठरला असता, परंतु तो रूढ झाला नाही.

उंची : मनोरा किती उंच असावा हे तरंगलांबीवरून ठरते. सपाट जमिनीवरील आडव्या आकाशकाची मुख्य झोत क्षितिजाशी जो कोन करते, तो आकाशकाच्या उंचीचे तरंगलांबीशी असलेले गुणोत्तर वाढेल तसा कमी होतो. अर्ध्या तरंगलांबीच्या उंचीवर तो सुमारे ३० अंश, तर पूर्ण तरंगलांबीवर सुमारे १४.५ अंश भरतो. १४ मेगाहर्ट्झवर तरंगलांबी २१ मीटरच्या आसपास असल्याने १०-१२ मीटरचा मनोरा समाधानकारक काम देतो, आणि दूरच्या खंडांशी संपर्क हवा असल्यास त्याहून उंच मनोऱ्याचा विचार केला जातो. दोन मजली घराच्या गच्चीवर या उंचीतील निम्म्याहून अधिक भाग इमारतीकडूनच मिळतो.

धातू : ॲल्युमिनियमची घनता दर घन सेंटिमीटरला २.७ ग्रॅम, तर पोलादाची ७.८५ ग्रॅम आहे, त्यामुळे त्याच मापाचा मनोरा सुमारे एक-तृतीयांश वजनाचा होतो आणि दोघातिघांना हाताने उचलता येतो. हलकेपणा हे निवडीचे नेहमी सांगितले जाणारे कारण असले, तरी तेवढ्यावर निर्णय घेणे बरोबर नाही. ॲल्युमिनियमचा प्रत्यास्थतांक, म्हणजे वाकण्याला विरोध करणाऱ्या ताठपणाचे माप, सुमारे ७० गिगापास्कल, म्हणजे पोलादाच्या एक-तृतीयांश आहे. परिणामी समान छेदाचा मनोरा समान वाऱ्यात तिप्पट वाकतो. पोलादाला विशिष्ट मर्यादेखालील आवर्ती ताण अमर्याद वेळा सोसता येतो, तशी स्पष्ट मर्यादा ॲल्युमिनियमला नसते.

खरा प्रश्न सांध्यांचा आहे. ६०६१-टी६ हा मिश्रधातू उष्णोपचाराने कणखर केलेला असतो, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्यालगतच्या पट्ट्यातील हा कणखरपणा जवळजवळ निम्म्याने उतरतो. सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींत ॲल्युमिनियमचे आर्गॉन वेल्डिंग करून मिळते. वेल्ड दिसायला सुबक असला, तरी त्याच्या कडेची नळी मूळ ताकदीची राहिलेली नसते. हे गृहीत धरून जाडी वाढवावी, अथवा रिव्हेट व बोल्टचे सांधे घ्यावेत. ॲल्युमिनियमच्या बांधकामांसाठी भारतीय मानक ८१४७ (१९७६) उपलब्ध आहे. खिडक्यांच्या चौकटीसाठी विकल्या जाणाऱ्या ६०६३ सेक्शनचा भार वाहणाऱ्या पायांसाठी उपयोग करणे उचित नाही.

भिन्न धातूंचा संपर्क हा दुसरा दोष होय. ओलाव्यात तांब्याला टेकलेले ॲल्युमिनियम झिजते. इतकेच नव्हे तर तांब्याच्या तारेवरून ओघळणारे पावसाचे पाणीही त्यावर बारीक खड्डे पाडते. पावसाळ्यानंतर बोल्टच्या कडेला पांढरट भुकटी बोटाला लागली, तर तो सांधा उघडून पाहावा. जस्तलेपित किंवा स्टेनलेस पोलादाचे बोल्ट चालतात. ओल्या सिमेंटच्या अल्कतेनेही ॲल्युमिनियम खाल्ले जाते, म्हणून मनोऱ्याचे पाय थेट काँक्रीटमध्ये न पुरता जस्तलेपित पोलादी खुंट्या पुरून त्यांना जोडतात.

वारा : भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात नाशिकसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किमी, दिला आहे. वेगाचा वर्ग गुणिले ०.६ या सूत्राने यापासून दर चौरस मीटरला सुमारे ९१३ न्यूटन दाब मिळतो. तीन घटकांच्या यागी, म्हणजे एका आडव्या दांडीवर समांतर नळ्या बसवलेल्या आकाशकाचे वाऱ्यासमोरचे क्षेत्रफळ ०.५ चौरस मीटर व बलगुणांक, म्हणजे आकारानुसार वाऱ्याचे बल ठरवणारा आकडा, १.२ धरल्यास सुमारे ५५० न्यूटन बल येते, आणि १२ मीटर उंचीवरून ते पायथ्याशी सुमारे ६,६०० न्यूटन-मीटर परिबल, म्हणजे मनोरा कलंडवू पाहणारा जोर, निर्माण करते. मनोऱ्याच्या स्वतःच्या अंगावरचा वारा यात धरलेला नाही. मानकातील जोखीम-गुणांकाबाबत दोन पद्धती दिसतात. कमी धोक्याच्या एकाकी मनोऱ्यासाठी या वेगाला ०.९२ गुणांक आहे, आणि हौशी मनोरे त्यात बसवून हिशेब हलका करण्याचा मोह होतो. परंतु शेजारच्या गच्चीवर लोकांचा वावर असलेल्या वस्तीत १.० हाच गुणांक धरणे योग्य दिसते.

पाया व ताण : गोदावरी व दारणा यांच्या काठची खोल काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात; अशा जमिनीत उथळ ठोकळा दरवर्षी थोडाथोडा कलतो. तेथे मुरमापर्यंत खोदावे, किंवा तळाशी फुगीर असलेले खांब सुमारे ३.५ मीटर खोल न्यावेत. त्र्यंबककडे मातीचा थर पातळ असून बेसाल्ट लवकर लागतो. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षमांडवांवर तार ताणणारे कारागीर ताणतारांच्या कामात उपयोगी पडतात, मात्र मांडवाची एकेरी तार मनोऱ्याला चालत नाही. पिळाची तार घेऊन तिचे चिनी मातीच्या अंडाकृती विद्युत्‌रोधकांनी तुकडे पाडावे लागतात, अन्यथा ती आकाशकाच्या कंपनात सामील होते. तापमान ३० अंशांनी वाढल्यास १२ मीटरचा ॲल्युमिनियम मनोरा सुमारे ८ मिमी उंचावतो. पोलादी तारा त्या मानाने कमी लांबतात, म्हणून वैशाखात ताण वाढतो आणि निफाडच्या थंडीत तो सैलावतो. टर्नबकल, म्हणजे फिरवून तारेचा ताण कमीजास्त करण्याचा आटेदार जोड, दोन्ही ऋतूंत तपासणे इष्ट.

उभारणी : दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ सोयीचा असतो, वळिवाच्या दिवसांत काम अर्धवट ठेवू नये. पाया भरल्यावर २८ दिवस जाऊ द्यावेत. बिजागरीच्या पायावर आडवा जोडून चेनपुलीने उभा केल्या जाणाऱ्या मनोऱ्यात सर्वाधिक ओढ सुरुवातीला, टोक जमिनीपासून नुकते सुटताना, पडते. वरून जाणाऱ्या वीजवाहिनीपासून मनोऱ्याच्या उंचीहून अधिक अंतर हवे, कारण पडताना तो आपल्या उंचीइतका लांब पोचतो. प्रत्येक पायाला स्वतंत्र अर्थिंग देऊन ती सर्व एकत्र जोडतात. तांब्याची पट्टी वापरल्यास मध्ये द्विधातू, म्हणजे एका अंगाला तांबे व दुसऱ्या अंगाला ॲल्युमिनियम असलेला, वॉशर घालतात. मुरमाड जमिनीचा विद्युत्‌रोध उन्हाळ्यात वाढतो, त्यामुळे अर्थिंगचे मापन मे महिन्यात करावे.

परवानग्या : रेडिओ केंद्राला हौशी सेवेचा सरकारी परवाना लागतो. ओझर व गांधीनगर येथे धावपट्ट्या असल्याने २०१५ च्या उंची-निर्बंध नियमांनुसार मनोऱ्याच्या माथ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची आधी तपासून घ्यावी लागते. येथे मनोऱ्याच्या उंचीत जागेची उंचीही मिळवली जाते. सामायिक गच्चीसाठी गृहनिर्माण संस्थेची लेखी संमती घेतात.