जेएल म्हणजे जळगाव

एरंडोल तालुक्यातल्या आमच्या काकूच्या ओट्यावर मृगाच्या आधी आठ-दहा दिवस बायका भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसायच्या. खायच्या शेंगा यंत्रातून काढल्या तरी चालतं, बियाण्याच्या मात्र हातानेच फोडायच्या. मी घाई केली की काकू हात धरायची. "टोक जप बाबा, कोंब तिथंच असतो. आणि साल निघालेला दाणा पेरायचा नाही, तो भाजायला ठेव." तिचं शास्त्र पक्कं होतं. दाण्याच्या टोकाशी गर्भ असतो, आणि ती पातळ गुलाबी साल मातीतल्या बुरशीला सहजी आत शिरू देत नाही.

काकूच्या बियाण्याच्या पोत्यात वर्षानुवर्षं असायचा जेएल-24. जेएल म्हणजे जळगाव. तैवानहून आलेल्या भुईमुगातून निवड करत जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राने हा वाण काढला. 1970 च्या दशकाच्या अखेरीस तो शेतकऱ्यांपर्यंत पोचला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं हे केंद्र, म्हणून त्याचं दुसरं नाव 'फुले प्रगती'. उपटी, म्हणजे न पसरता उभी वाढणारी जात, शंभरेक दिवसांत काढणीला येणारी. सप्टेंबरात पाऊस दगा देतो त्या आपल्या हलक्या जमिनींना अशी लवकर येणारी जात किती मोलाची, हे कोरडवाहूवाल्याला सांगायला नको.

असा वाण म्हणजे विद्यापीठाने केलेलं दानच, असं मला वाटतं. धर्मादाय म्हटलं की आपल्याला अन्नछत्र आठवतं, पाणपोई आठवते. कायद्याची नजर त्याहून लांब जाते. इंग्लंडमधल्या 1601 च्या धर्मादाय कायद्याने गरिबांना मदत आणि पूल-रस्त्यांची दुरुस्ती यांच्याच रांगेत विद्यापीठातल्या विद्यार्थी-विद्वानांना बसवलं. आपल्या 1961 च्या आयकर कायद्यानेही धर्मादाय हेतूंमध्ये गरिबांना मदत आणि औषधोपचार यांच्याबरोबर शिक्षण धरलं. पण विद्यापीठाचं दान नेमकं काय असतं, हे मला कायद्यापेक्षा भुईमुगाच्या फुलाने जास्त चांगलं समजावलं.

हे पिवळं फूल पहाटे उमलतं. पण त्याच्या आतल्या पाकळ्या स्त्रीकेसर-पुंकेसरांना झाकूनच ठेवतात, त्यामुळे स्वतःचेच परागकण स्वतःला मिळतात. मग फुलाच्या बुडातून आऱ्या, म्हणजे देठासारखे बारीक कोंब, निघतात, जमिनीत घुसतात आणि शेंग मातीखाली धरते. परपरागीभवन जवळजवळ होतच नाही, म्हणून दाण्यातून आईसारखंच झाड येतं. एकदा बी आणलं की पुढच्या वर्षी घरचंच पेरता येतं. संकरित कपाशीत तसं होत नाही. घरचं सरकी-बी लावलं तर दुसऱ्या पिढीत झाडं वेगवेगळी निघतात, म्हणून दर वर्षी दुकानात जावं लागतं.

इथेच सगळी मेख आहे. कपाशीच्या बियाण्याचं पाकीट अर्धा किलोही भरत नाही. भुईमुगाला एकरी 40 किलोच्या आसपास दाणे लागतात. वजन जास्त, एका दाण्यामागे पुढे मिळणारं बी कमी, आणि गिऱ्हाईक पुढच्या वर्षी परत येईलच याची खात्री नाही. अशा पिकात कोणती कंपनी दहा-बारा वर्षं संशोधनाला पैसा घालेल? मला यात कंपनीचा दोष दिसत नाही, धंद्याचं गणितच तसं आहे. पण धंद्याचं गणित जुळत नाही म्हणून कोरडवाहू शेतकऱ्याची गरज संपत नाही. ती जागा भरायला सार्वजनिक पैशावर चालणारं विद्यापीठ लागतं. वाण घरी राखायचा, पेरायचा, शेजाऱ्याला द्यायचा हा हक्क 2001 च्या पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला लेखी दिला आहे. काकूने दोन पायली बी माहेरी धाडलं तेव्हा तिला कोणाची परवानगी लागली नाही, आणि तिचं स्वतःचंही काही कमी झालं नाही.

असंच देत-घेत हा वाण कुठवर गेला पाहा. हैदराबादजवळच्या पाटनचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्थेमार्फत तो आफ्रिकेत पोचला. मलावीत त्याचं नाव 'काकोमा', झांबियात 'लुएना'. तिथल्या एखाद्या बाईच्या अंगणात आज जे दाणे वाळत असतील त्यांची एक पिढी जळगावच्या काळ्या मातीत उगवलेली आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

मात्र वाण एकदा काढला की काम संपलं, असं नाही. घरोघरी फिरताना बियाण्यात भेसळ शिरते. म्हणून पैदासकार बियाण्याच्या, म्हणजे वाणाच्या मूळ शुद्ध बियाण्याच्या, प्लॉटमध्ये दर हंगामात माणसं ओळीओळीने चालतात आणि वेगळं दिसलेलं झाड उपटतात. त्यापासून पायाभूत, मग प्रमाणित बियाणं तयार होतं. या साखळीचं कौतुक कधी पेपरात येत नाही.

शिवाय जेएल-24 मध्ये एक मोठी उणीव आहे. त्याच्या ताज्या दाण्याला सुप्तावस्था नाही. काढणीच्या तोंडावर पाऊस लागून राहिला की शेंगा जमिनीतच उगवतात. एका साली आमच्या काकांनी झाड उपटलं आणि प्रत्येक शेंगेतून पांढरा कोंब बाहेर आलेला. काकू तशीच बांधावर खाली बसली. दोन-तीन आठवडे झोपून राहणारा, तरीही लवकर येणारा दाणा हवा आहे, आणि तो शोधायला पुन्हा कुणाला तरी दहा-बारा वर्षं प्लॉटमध्ये चालावं लागणार आहे.